शब्दन् शब्द

"वाचा," सचिव म्हणाले आणि त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली.

वही त्याची होती. तपकिरी पुठ्ठ्याची, कोपरा चावलेली. विचार करताना कोपरा चावायची त्याची सवय तिलाही मोडता आली नव्हती. आत नुसत्या रेघा आणि टिंबं. खात्यातल्या दोन जुन्या स्टेनोंनी काल दिवसभर डोकं लढवून शेवटी हात टेकले होते. ते शॉर्टहँड वाचू शकणारं त्याच्याखेरीज जगात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे ही. नऊ वर्षं दोघं सभागृहात एकाच टेबलाशी बसत. दहा मिनिटं तो लिहायचा, दहा मिनिटं ही, आणि मग एकमेकांच्या वह्या टाइप करायच्या. त्यातच कधीतरी जमलं. तिच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली असायची, म्हणून तो तिला पेन्सिलच म्हणायचा. लग्न ठरल्यातच जमा होतं, तारीख तेवढी राहिली होती.

गेले तीन महिने त्याची नेमणूक मंत्र्यांच्या बंगल्यावर होती. मंगळवारी तिथं बंद दाराआड बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी विरोधकांच्या हाती लागली. त्याच संध्याकाळी त्याला उचललं. तीन दिवस ती दारोदार फिरली. सगळीकडे एकच उत्तर, चौकशी चालू आहे.

"त्याला विचारलं तर म्हणतो, खासगी आहे," सचिव म्हणाले. "त्यापुढे तोंड उघडत नाही. बैठक निघाली यात तर राजद्रोह. जन्मठेप."

तिला ते सांगायची गरज नव्हती. त्याला साधी वाणसामानाची यादी करायची झाली, तरी आधी शॉर्टहँडमध्ये कच्ची, मग पक्की. बैठकीची चोरून नक्कल केली असेल, तर ती इथंच असणार. म्हणून वहीत काहीही असो, खोटंच वाचायचं, असं ठरवून ती आली होती. पाणीपुरवठ्याची एक रटाळ बैठक तिनं रात्रभर घोकून पाठ केली होती.

पलीकडे मंत्री फोनवर होते. "खारू, दोन घास खाऊन घे गं," ते विनवत होते. "परवा लग्न तुझं, आणि डोळे असे सुजवून बसलीस? अगं, सगळा देश बघणार आहे." त्यांची मुलगी आणि मित्रपक्षाच्या अध्यक्षांचा मुलगा. या लग्नावर सरकार टेकलं होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मंत्र्यांनी फोन ठेवला, डोळे चोळले आणि तिच्याकडे वळले. "हं. वाचा, बाई."

तिनं वही उघडली. पहिली ओळ पाहिली. दुसरी पाहिली. पाठ केलेला पाणीपुरवठा कुठल्या कुठे गेला. रडावं, वही फाडून टाकावी, पळून जावं, असं सगळं एकदम वाटलं.

"काय झालं?" सचिवांनी विचारलं.

"हे पत्र आहे," ती म्हणाली. "मला लिहिलेलं."

"मोठ्यानं वाचा."

तिनं वाचलं. "पेन्सिल, तुला पाहिलं नाही की माझा दिवस जात नाही. परवा जिन्यात तू माझा हात धरलास आणि मी पुढचं सगळं विसरलो. गेल्या नऊ वर्षांत मला असं कधीच झालं नव्हतं." इथं तिचा आवाज फुटला. सचिव खाली बघून हसले. "पेन्सिल, तुझ्या वडिलांना कळलं तर माझं काही खरं नाही. पण तू हो म्हण. आपण निघून जाऊ."

"निघून कशाला जायचं?" सचिव हसायचे थांबले. "वडील कोण तुमचे?"

"शाळामास्तर. फार कडक आहेत."

मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

सचिवांचं समाधान झालं नाही. मुरलेला माणूस. त्यांनी पुढची चार पानंही वाचून घेतली. मग वही काढून घेतली, मधलंच एक पान उघडून रेघांवर बोट ठेवलं. "ही ओळ पुन्हा." तिनं वाचली. "आता मागच्या पानावरची, वरून तिसरी." तीही वाचली. प्रत्येक ओळ मघासारखीच आली, एका शब्दाचा फरक नाही. कुणी मनचं रचून सांगत असतं, तर चौथ्या खेपेला घसरलंच असतं.

"पुरे हो," मंत्री म्हणाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटू लागली होती. "प्रेमपत्रासाठी तीन दिवस डांबलंत माणसाला? फितूर दुसराच कुणीतरी आहे. सोडा त्याला." त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "आणि वडिलांना सांगा, मुलीच्या मनात काय आहे ते बापानं ओळखावं."

"सांगते, साहेब," ती म्हणाली.

त्याला मागच्या दारानं आणलं. दाढी वाढलेली, ओठ फुटलेला. ती जिन्यापाशी उभी होती. त्यानं आधी वही पाहिली, मग तिला.

"तू वाचलीस?"

"वाचली. साहेबांपुढे, मोठ्यानं."

तो भिंतीला टेकला. "मग मला सोडलं कसं?"

तिनं अंबाड्यातली पेन्सिल काढली, वहीत घातली आणि वही त्याच्या हातात दिली. शब्दन् शब्द तिनं खरा वाचला होता. फक्त जिथं जिथं 'खारू' लिहिलं होतं, तिथं तिथं ती 'पेन्सिल' म्हणाली होती.