ताटलीतली ओहोटी

खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढताना पाय मोडला आणि द्वारकाबाई पुण्यात लेकाच्या, नंदूच्या सातव्या मजल्यावर येऊन पडल्या. जन्मभर ओहोटी लागली की भाकरी खायची आणि चिखलात उतरायचं. इथे खाडीच नाही, तर घास उतरणार कसा?

चंद्रावर कामाला गेलेल्या सून हेमांगीचा व्हिडिओ फोन आला. "आई, जेवत नाही म्हणे?"

"तुला काय त्याचं? तू मार चंद्रावर उड्या."

हेमांगी हसली. निघताना सासूने तिच्या ओटीत खाडीचा चिखलही बांधून दिला होता. त्यातले डायटम, डोळ्याला न दिसणारे काचेच्या अंगाचे जीव, चंद्रावरही गावचीच वेळ पाळत. तिकडे पाणी ओसरलं की इकडे ताटलीत वर येत. तिने ताटली कॅमेऱ्यापुढे धरली. काळ्या चिखलावर सोनेरी साय चढत होती.

"बघा, आपल्या खाडीला ओहोटी लागली. भिंगातून पाहिलं, होडीसारखे, कोयरीसारखे, सगळ्या जातीचे वर आलेत. एकही घर मागे राहिलं नाही."

द्वारकाबाई बघत राहिल्या. मग पदराने डोळे पुसून लेकावर खेकसल्या, "नंद्या, वाढ लवकर. पाणी काय माझ्यासाठी थांबणार आहे?"