पहिला घोट

“पहिले तू पी,” म्हणत नागनाथनं चहाचा कप बायकोपुढं सरकवला. “माहा झाला न आत्ताच!” चंद्रभागानं कपाला हात लावला नाही. आदिलाबादच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकणाऱ्या प्रगतीनं न राहवून तांदळाच्या डब्यातून बाटली काढून बापासमोर ठेवली. “बाबा, आई तुमच्या चहात दवाखान्याचे थेंब टाकते. तुमी गोळ्या थुकता म्हणून.” नागनाथनं लेबल दोनदा वाचलं. “कायचे थेंब?” “मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असते. त्याचा जोर वाढला की माणसाला साध्या गोष्टीतही डाव दिसते. थेंबानं जोर उतरते.” “अन् तुह्या मायनं केला, तो डाव नव्हता का?” “बरं व्हावं म्हणून,” चंद्रभागा पुटपुटली. “मंग माह्यासमोर टाकत जाय.” त्यानं सगळा चहा पिऊन टाकला, मग कप ठेवत हळूच विचारलं, “खरं सांग, भाजीत काय टाकते?”