हात आवरून

जीप अंगणात थांबली. चांगदेव तिचं दार उघडायला धावणार, तोच धोंडाबाईनं मागून त्याची बाही धरली.

"आवो, त्यांच्या हाताला काय झालंय? उघडतील त्यांचं ते," ती दबक्या आवाजात म्हणाली.

चांगदेव जागीच थांबला. मुलाकडची माणसं लेकीला, हर्षालीला, बघायला आली होती, आणि आज दिवसभर हात आवरून बसायचं असं नवराबायकोचं ठरलं होतं.

डिंभे गावात सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की चांगदेव मुंबईत एका बड्या कंपनीत मॅनेजर होता. खरं काय ते फक्त धोंडाबाईला माहीत. त्यानं निम्मं आयुष्य एका गिरणीमालकाच्या बंगल्यावर काढलं होतं. साहेबांची दाढी करायची, कपडे काढून ठेवायचे, बूट चमकवायचे, औषधाच्या वेळा सांभाळायच्या. साहेब गेले आणि हा गावी परतला.

साहेब वाचणारे होते. एकदा दाढीला फेस लावून घेता घेता म्हणाले, "इंग्रज याला व्हॅले म्हणतात, चांगदेव. आपल्याकडे हुजऱ्या. मोठमोठे सरदार बाहेर ताटकळायचे आणि हा आत राजाला पोशाख चढवायचा. हातात वस्तरा आणि समोर राजाची मान. केवढा विश्वास असेल, बघ."

त्या दिवशी चांगदेवाला फार अभिमान वाटला होता. पण गावात हुजऱ्या म्हणजे पुढं पुढं करणारा, लाचार माणूस. हुजऱ्याची पोरगी म्हणून सोयरीक मोडली तर हर्षालीला तोंड कसं दाखवायचं? ज्या कामावर जीव लावला त्याचीच लाज वाटत होती, आणि त्याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

मुलाचे वडील हौशीराम मूळचे मढ गावचे. मुंबईत मोठ्या हॉटेलात साहेब आहेत, असं मध्यस्थ गेणभाऊंनी सांगितलं होतं. माणूस दिसतही तसाच होता. कपड्यांना सुरकुती म्हणून नाही, बोलणं मोजकं. सगळे टेकले तरी ते उभेच.

"बसा की, पावणं."

"आधी तुमी बसा."

मोठ्यांची रीतच वेगळी, असं चांगदेवाच्या मनात आलं.

चहा आला. गेणभाऊंनी मोबाईल कानाला लावला आणि हातातली बशी तिरकी झाली. चांगदेवाचा हात आपसूक पुढं गेला. त्यानं तो मांडीखाली दाबून धरला. हौशीराम बघत होते. त्यांची नजर काही त्या हातावरून हलेना. चांगदेवानं दुसऱ्या हातानं थंडीसाठी घातलेल्या कोटाची बटणं उगाच चाचपली.

"कंपनीत तुमी काय बघायचा?" हौशीरामांनी विचारलं.

"सगळंच बघावं लागायचं. पार सकाळपासनं."

"व्हय. आमचंबी तसंच."

त्यांनी विषय वाढवला नाही, ते एक बरं झालं.

हर्षाली पोहे घेऊन आली. विचारलेल्याची उत्तरं तिनं नीट दिली, आणि मुलाशी नजरानजर झाली तेव्हा हसलीसुद्धा. ते हसू चांगदेवानं टिपलं. पोरीला मुलगा आवडला होता. आता आपल्या हातून काही वेडंवाकडं व्हायला नको, म्हणून तो जेवतानाही कुणाला आग्रह करायला उठला नाही.

जेवणं झाल्यावर हौशीरामांनी घसा साफ केला. "आमाला पोरगी पसंत हाय."

"मग चला, देवळात नारळ फोडून येऊ," म्हणत गेणभाऊ उठले.

माणसं अंगणात निघाली. चांगदेवानं सुटकेचा श्वास टाकला. निभावलं होतं. जेवायला बसताना काढून ठेवलेला कोट घ्यायला तो खुंटीकडं वळला, तर खुंटी रिकामी. मागं कुणीतरी कोट उघडून धरला होता.

विचार करायच्या आत त्याचे हात मागं गेले आणि अलगद बाह्यांत शिरले. कुठं चाचपडावं लागलं नाही. कोट खांद्यांवर बसला. कॉलरखालून एक अंगठा फिरला, पाठीवरची सुरकुती हलक्या हातानं खाली ओढली गेली. असा कोट चढवायला शिकण्यात वर्षं जातात, हे चांगदेवाइतकं त्या घरात कुणाला ठाऊक असणार? त्याच्या अंगावर मात्र असा कोट कधी कुणी चढवला नव्हता.

"झालं, साहेब," मागून हौशीराम सवयीनं म्हणाले.