उजवा कळा

समीक्षाचा उजवा कळा टपकन पडला आणि मागे बसलेल्या किशोरीचा जळफळाट झाला.

"पडलो उजवो!" बाळा गुरव ओरडले. देवी पावणाईने होकार दिला होता. तोंडवलीला समीक्षाच्या होमस्टेला आणखी दोन खोल्या होणार होत्या. देवळातल्या बायका कौतुकाने पुढे झाल्या. किशोरी जागची हलली नाही. पडणारच हिचा! हिच्या कळ्याला वेळ लागतोय कशाला? देवीसुद्धा पैसेवाल्यांच्याच बाजूची, असं तिच्या मनात आलं आणि तिने घाईघाईने गालांवर चापट्या मारून घेतल्या.

दोघी चुलत बहिणी. चौदा वर्षांपूर्वी याच पाषाणासमोर दोघींनी एकच प्रश्न घातला होता: मास्तरकी मिळेल का? बाळाकाकांनी फुलाचे दोन ओले कळे देवीच्या अंगावर चिकटवले होते, एक उजवीकडे, एक डावीकडे. किशोरीचा उजवा पडला, म्हणजे होकार. समीक्षाचा डावा, म्हणजे नकार. समीक्षा रडत घरी गेली आणि किशोरीने वाडीभर साखर वाटली.

मग काय झालं? किशोरीने डी.एड. केलं, पहिल्या वर्गात पास झाली आणि भरतीची वाट बघत बसली. आज निघते, उद्या निघते. रामाचा वनवास चौदा वर्षांत संपला, हिचा काही संपेना. मध्ये अंगणवाडीत जागा निघाली, ही गेली नाही. मालवणातल्या पतपेढीने बोलावलं, गेली नाही. चांगलं स्थळ आलं, पण मुलगा गोव्याचा, तेही परतवलं. देवीने मास्तरकी दिलीय ना! घरी चार पोरांच्या शिकवण्या घ्यायची, तेवढंच. आणि जिला देवीने तोंडावर नाही म्हटलं, ती समीक्षा आज आठ खोल्यांची मालकीण. पाहुणे तिच्या हातची सोलकढी पिऊन फोटो टाकतात. किशोरी त्यातला एकही फोटो चुकवत नसे आणि रोज आपलंच जेवण कडू करून घेई.

समीक्षा प्रसाद घेऊन तिच्याजवळ आली.

"किशोरी, त्या दिवशी बोललंय त्याचो इचार केलंस? पावण्यांची पोरां दिवसभर मोबाईल घेवन बसतत गो. तू शिकवणीच्या पोरांका बांधावर नेवन पक्षी दाखवतंस, झाडां वळखूक शिकवतंस, तसां माझ्याकडे तोंडवलीक येवन कर. दुसऱ्या कोणाक जमाचां नाय."

"डी.एड. केलंय मी," किशोरी म्हणाली. "लोकांची पोरां सांभाळूक नाय."

समीक्षाचा चेहरा उतरला. "बरां. भायर थांबतंय, गाडयेर सोडतंय तुका," एवढंच बोलून ती पायऱ्या उतरली. किशोरीला क्षणभर फार बरं वाटलं.

मग तिची पाळी आली. यंदाची भरती शेवटची, पुढच्या वर्षी वय उलटणार होतं. म्हणून तर चौदा वर्षांनी ती पुन्हा इथे आली होती. तिने नारळ ठेवला. प्रश्न काय, ते बाळाकाकांनी विचारलंच नाही. तो अख्ख्या गावाला पाठ होता.

"गे बाय पावणाई, ह्या तुझ्या लेकराक मास्तरकी गावतली असात तर उजवो दी, नायतर डावो दी!"

कळे लागले. दोघं वाट बघत बसली. कळे काही हलेनात आणि किशोरीची जीभ काही राहीना.

"काका, समीक्षाक बरो बघता बघता उजवो पडता. देवीची लाडकी ती."

बाळाकाका हसले. "लाडकी? गो चेडवा, माझ्या ह्याच हातान तिका सात डावे पडले. मास्तरकी डावो. नर्स डावो. शिवणकाम डावो. काजीचो कारखानो डावो. दर वेळेक रडत जाय आणि म्हयन्याभरान नवो प्रश्न घेवन येय. कळे लावून लावून मी थकलंय, पण तां काय थकूक नाय. तुका एकदाच कौल लावलो, तो पण उजवो. लाडकी असलंस तर तूच!"

सात डावे. इतकी वर्षं किशोरीने समीक्षाच्या खोल्या तेवढ्या मोजल्या होत्या. दारातून बाहेर बघितलं तर समीक्षा स्कूटरला टेकून अजून तिच्यासाठी थांबली होती.

तेवढ्यात उजवा कळा सरकला.

"हललो, हललो!" बाळाकाका पुढे झाले. कळा अर्धा सुटला आणि एका टोकावर लोंबायला लागला. आता पडणार. पुन्हा तोच होकार, आणि पुन्हा तेच वाट बघणं.

किशोरी ताडकन उठली.

"काका, पडाच्या आधी काढा तो! माका दुसरो प्रश्न घालूचो आसा. तोंडवलीचो."