कथलाची कांडी

न्हाणीतून केस पुसत दुर्गेश्वरी ओसरीवर आली आणि जागीच थबकली. तिची लाकडी डबी उघडी पडली होती, आतला कापूस बाजेवर काढून ठेवला होता, आणि तिचे आजोबा, दुलीचंद आबाजी, डबीतली कथलाची कांडी दोन्ही हातांनी कानाशी धरून बसले होते.

“आबाजी, नोका!”

म्हातारं ऐकतंय कसलं! डोळे मिटून त्यांनी दोन्ही अंगठे कांडीच्या मध्यावर टेकवले आणि ती वाकवली. किर्र्र. बारीक, चिरका आवाज ओसरीभर झाला.

दुलीचंदांचा चेहरा खुलला. “वा रे वा! असली हाय, बाई! शिसं मिसळलेलं राहिलं असतं त असं बोललंच नसतं. चाळीस वर्ष कल्हई केलो, गावोगाव भाता फुंकलो, पर एवढा साफ आवाज कधी आयकलो नाही. कोणाजवळून आणलीस?”

“मी केली,” दुर्गेश्वरी कशीबशी म्हणाली.

केली होती, आणि काय हाल काढून! कोलकात्याच्या प्रयोगशाळेत आठ महिने ती भट्टीपाशी बसून होती. कथील वितळवायचं आणि मग इतकं हळूहळू थंड करायचं की जीव नकोसा व्हावा. पाच वेळा फसलं, सहाव्यांदा जमलं. बोटाएवढी कांडी, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच अखंड स्फटिक, सगळे अणू रांगेत. ती जराशी वाकली की रांगा मोडल्या. मग ते भांड्याला लावायचं कथील, दुसरं काही नाही. म्हणून तर हावड्यापासून गोंदियापर्यंत डबी मांडीवर घेऊन ती टक्क जागी बसली होती.

सोमवारी मुंबईच्या मोठ्या चुंबकावर तिला वेळ मिळाली होती. धातूत इलेक्ट्रॉन भरलेले असतात. ते जिथवर भरतात, त्या काठाला एक आकार असतो; फर्मी पृष्ठभाग म्हणतात त्याला. कथलाचा हा आकार तिनं दोन वर्षं खपून गणितानं काढला, आणि त्यात एके जागी बारीकशी मान, म्हणजे दोन फुगीर भागांना जोडणारा अरुंद गळा, निघाली. जुन्या पुस्तकांत ती कुठंच नव्हती. तिचे मार्गदर्शक सर हसले होते. “चुंबकात मोजून दाखव, मग बोल.” असा आकार फक्त अखंड स्फटिकातच मोजता येतो, आणि दाखवायला हीच एक कांडी. सोमवार हुकला तर पुढची वेळ वर्षानं, आणि तिच्या संशोधनाची मुदत तर मार्चमध्येच संपत होती.

“काऊन वो, अशी काऊन पाहून राहिली?” दुलीचंदांनी विचारलं.

“काय केलंत हे, आबाजी? काय केलंत!”

“कायी नाही, पारखून पाहिलो. तूच काल म्हटलीस ना, याच्या पोटात काय हाय ते पाहाले मुंबईले जाऊन राहिली म्हणून? मी म्हटलो, कोणी पोरीले खोटं कथील देलं असन त तिथं चार लोकांत फजिती होईन. कल्हईवाल्याची नात तू.”

“मोडली ती.”

“कुठं मोडली? वाकली जराशी. थांब, आत्ता सरळ करून देतो.”

“नाही! हात नोका लावू!”

पण ते अंगठे चाळीस वर्षांच्या सवयीचे. कांडी पुन्हा किर्र्र वाजली, या वेळी दबक्या आवाजात, आणि सरळ झाली. त्यांनी ती धोतराला पुसून तिच्या तळहातावर ठेवली. “पाह्य. हाय का कायी फरक?”

दुर्गेश्वरीनं पाहिलं. कांडी तशीच चकचकीत, तशीच सुतासारखी सरळ. जगातल्या कुणाही माणसाला दाखवली असती तरी त्यानं म्हटलं असतं, काही झालेलं नाही. तिला रडूही फुटेना.

“आतून गेली, आबाजी. आता मोजता नाही येणार.”

“किती दिवस लागले होते बनवाले?”

“आठ महिने.”

दुलीचंदांनी आपले दोन्ही हात उताणे करून पाहिले, नवसागरानं काळवंडलेले अंगठे पाहिले. मग दोन्ही हात मांडीखाली घालून दाबून बसले.

दुर्गेश्वरीनं कांडी परत कापसात ठेवली, डबी लावली. मग पुढं काय करावं हेच तिला सुचेना, म्हणून आत जाऊन तिनं चहा टाकला. कप घेऊन ती आली तरी म्हातारा तसाच बसलेला.

“घ्या, आबाजी.”

त्यांनी हात काढले नाहीत.

“खाली ठेव,” ते म्हणाले. “अन् ती डबी उचलून घरात ने पहिले. मंग घेतो.”