आभाळातल्या माणसाचा उपास

कौशल्याबाईंनी राहीला अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, मग सुईत दोरा ओवायला लावला, मग तिचे हात उलटसुलट करून पाहिले. मुलगी पसंत पडायला जेवढं लागतं तेवढं सगळं झालं. मुलासाठी वांकिडीहून एवढ्या लांब आलेली बाई सून ठरवूनच उठणार, हे ओसरीवरच्या सगळ्यांना दिसत होतं.

राहीलाही दिसत होतं. चौऱ्याऐंशी सालचा जून होता. तामसीहून रोज बसनं जाऊन-येऊन तिनं आदिलाबादेत सायन्स घेऊन इंटर पास केली होती. आता बी.एस्सी.ला नाव टाकायचं होतं. आज कपाळाला कुंकू लागलं की ते सगळं संपलं.

नको म्हणायची सोय नव्हती. स्थळ मोठेबांनी, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ भगवानराव यांनी आणलेलं. वडील गेल्यापासून घर त्यांच्याच शब्दावर चालायचं. त्यातून मुलीकडच्यांनी नाही म्हणायची रीत नाही. नाही म्हणायचं ते मुलाकडच्यांनी. राहीची आई द्वारकाबाई तर भासऱ्यापुढे, म्हणजे या थोरल्या दिरापुढे, डोक्यावरचा पदरही ढळू द्यायची नाही, तोंड उघडणं लांबच. राहीनं रडून पाहिलं, रुसून पाहिलं. द्वारकाबाई एवढंच म्हणाली, "पोह्याले शेंगदाणे भाजून ठेव."

तिचा घोर वेगळाच दिसत होता. गेल्या चैत्रात आपल्या देशाचा पहिला माणूस अंतराळात गेला, तेव्हा राहीनं मीठ सोडलं होतं. तो सुखरूप खाली येईपर्यंत अळणी खायचं. रेडिओवर त्याचा आवाज ऐकला आणि तो माणूस तिचा देवच झाला. तिलाही वर जायचं होतं. ते नाही जमलं, तर तो वर राहतो कसा, खाली का पडत नाही, एवढं तरी शिकायचं होतं. सायन्सची पोरगी यानासाठी मीठ सोडते, याला कोणी हसेल. पण जीव लागला की माणूस हाताशी असेल ते करतो, आणि आमच्याकडच्या बाईच्या हाताशी उपासच असतो.

गोम एवढीच, की अळणी धरतात ती नवऱ्यासाठी. परक्या पुरुषासाठी धरलेली कोणी ऐकली नव्हती. राहीनं कढीची वाटी परत केली तेव्हा शेजारच्या मथुराबाईला वास लागला, आणि मथुराबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. गावातल्या बायकांत कुजबूज झालीच. पुरुषांपर्यंत तेवढी पोचायची राहिली होती.

आज पाहुण्यांचं करायला द्वारकाबाईनं मथुराबाईलाच हाताखाली बोलावलं होतं. सकाळी चुलीपाशी राहीच्या देखतच तिनं तिला आण घातली.

"मथुरा, पोरीच्या उपासाचं आज काढू नको. माह्या गळ्याची आण हाये तुले."

मथुराबाईनं कानाला हात लावले.

ओसरीवर कौशल्याबाई प्रसन्न होत्या. पोह्यांची वाखाणणी झाली. हात धुऊन आल्यावर कुंकू लावून टाकते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. भगवानरावांनी मिशीवरून हात फिरवला. पाहुणीच्या हातावर पाणी घालायला द्वारकाबाई तांब्या घेऊन मागच्या न्हाणीकडे गेली, आणि पंचा घेऊन मागोमाग मथुराबाई.

कौशल्याबाई परत आल्या त्या तोंड पाडूनच. चहाला शिवल्या नाहीत, बसल्याही नाहीत. मुलाच्या मामाला विचारून कळवतो म्हणाल्या आणि चपला पायात घातल्या. कुंकवाची कोयरी उघडली होती तशीच राहिली.

निरोप आठवड्याच्या बाजाराला आला. परपुरुषासाठी अळणी धरणारी सून आम्हाला नको.

भगवानराव असे तापले की त्यांच्या अंगाला हात लावायची सोय नव्हती. हे पाहुण्यांना सांगितलं कोणी, असा एकच धोशा त्यांनी लावला. घरातल्या सगळ्यांनी मथुराबाईकडे पाहिलं. तिनं मुलाबाळांची शपथ घेतली, पदर तोंडाला लावला, रडली. कोणाचाही विश्वास बसला नाही. ती निघून गेली.

मग भगवानराव भिंतीकडे तोंड करून बोलले, कारण भावजयीशी समोरासमोर ते बोलत नसत.

"आजपासून या पोरीच्या लगनात मी पडनार नाही. शिकवा, नाही तर घरी बसवा. तुमचं तुमी पाहा."

राहीला हसू फुटेल की काय अशी भीती वाटली. एवढी बदनामी झाली होती आणि तिचं मन मात्र उड्या मारत होतं. आईकडे पाहून तिला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी द्वारकाबाई भाकरी थापत होती. पाणी फिरवता फिरवता म्हणाली, "सकायच्या बशीनं आदिलाबादले जाय. कॉलेजात नाव टाकून ये."

राहीला आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर रागही तेवढाच होता. आईची मान चारचौघांत खाली गेली होती.

"जाते माय. पन मथुराकाकूचं तोंड नाही पाहनार मी आता. तुह्या गळ्याची आणबी पाळली नाही तिनं."

"तिले बोल नको लावू." द्वारकाबाईनं भाकरी उलटली. "आण घातली का ती हटकून सांगते, म्हनून तं घातली होती. नेमकी त्याच दिवशी गप राह्यली. मंग ती पंचा देऊन वळल्यावर न्हाणीपाशी म्याच सांगतलं."