रक्तातला चुना

नर्स ललितानं खाटेखालून पितळी गडवा काढला. बुडाशी दोन घोट दूध.

"हे कोणी दिलं?"

"मी दिलं," कलावती म्हणाली. "चोरी नाई केली. रुआबांधा गावच्या गवळ्यापाशी उभी राहून दोहून आणलं. थेंबभर पाणी नाई त्यात."

खाटेवर तिची सून मथुरा. बाळंत होऊन अकरा दिवस झाले, आणि तेव्हापासून लघवी बंद. तोंड सुजून फुगल्या पोळीसारखं झालेलं. बोटांना सारख्या मुंग्या.

कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर नागपूरचे. गडवा पाहून थांबले. "आई, दूध नाही म्हटलं होतं ना?"

"तुमीच काल म्हणे, इच्या रक्तातला चुना घटला. मंग दुधात नाई त कशात असते चुना? पानाले लावतो तो चाटवू का? बाळंतिणीले तुमी पेज पाजून राहिले. उद्या लोकं म्हणतीन, कलावतीनं सून उपाशी ठेवली."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला कलावतीकडे उत्तर होतं. ते स्टूल ओढून बसले.

"दुधात चुना आहे, आई. पण त्याच्यासंगं दुसरा एक क्षार आहे. तुमच्या-माझ्या अंगातून तो लघवीवाटे जातो. हिचा जात नाही. रक्तात साठतो, आणि होता तोही चुना ओढून घेतो. दुधानं उलट चुना कमीच झाला."

नळावर क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीची तोंडं बंद करणारी बाई. तिनं उठून गडव्यातलं दूध मोरीत ओतलं.

मग म्हणाली, "रक्त खराब झालं त धुवा."

"धुणारं यंत्र मुंबईला आहे म्हणतात. तिथवर ही पोचणार नाही."

"एवढा लोखंडाचा कारखाना उभा करून राहिले, आन एक यंत्र नाई बनत तुमच्यानं?"

डॉक्टरांनी ललिताला सुई भरायला खुणावलं. "चुन्याची सुई देतो. संध्याकाळपर्यंत पुरेल."

"आन संध्याकाळी?"

"पुन्हा देऊ. मूत्रपिंड आपणहून चालू झालं, तर झालं."

चुना किती घटला ते पाहायला त्यांनी मथुराच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, हवा भरली, घड्याळाकडे पाहत बसले. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग तिची बोटं हळूहळू जवळ आली. अंगठा आत वळला. मनगट वाकलं.

कलावतीनं ती बोटं उघडायला घेतली. उघडेनात.

"आत्याबाई, सोडा. दुखते," मथुरा म्हणाली.

पट्टा निघाला, तरी हात तसाच. ललितानं सुई टोचली आणि इतकी हळू द्यायला लागली, की औषध सरकताना दिसेना.

"पाहा," कलावती म्हणाली. "घास उचलाले करते तसा हात केला पोरीनं. आता मी इच्यापुढं काय वाढू?"